खिडकीत दिवा, दार बंद

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. चर्चच्या पाळकसाहेबांपुढे नाही, साताऱ्याच्या लेकीपुढे नाही. देवाला वेगळं सांगावं लागत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं, असं आपण म्हणतो — मी त्या म्हणण्याच्या आड बसून बराच काळ काढला. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. पलूसमध्ये आमच्या भागात मला ओळखत नाही असं माणूस सापडणं कठीण, आणि जे ओळखतात ते आधी हात जोडतात. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला असलं काही सांगता येतं का?

दिव्यापासून सुरुवात करते. सगळं त्या दिव्यामुळेच झालं. नाही — हे बघा, पहिल्याच दमाला खोटं आलं तोंडात. दिव्याने काहीएक केलेलं नाही.

माझ्या सासूबाई सुवार्तेचं काम करायच्या. म्हणजे वाड्यावस्त्यांवर पायी हिंडायचं, चुलीपाशी बसलेल्या बायकांजवळ बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं, कुणाचं पोर तापलं असेल तर आधी त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसून द्यायचं आणि मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. घरं सगळी हिंदूंची. पण त्यांना कुणी नको म्हटल्याचं मी ऐकलं नाही, कारण त्यांचं फडकं आधी यायचं आणि देव मागून. संध्याकाळी घरी आल्या की त्या रस्त्याकडच्या खिडकीत कंदील ठेवायच्या आणि त्याच्या शेजारी प्रार्थनेला बसायच्या. कंदील दिसला की कुणीही यावं. सवतीचं गाऱ्हाणं घेऊन यावं, आजारी वासरू घेऊन यावं. त्या मला म्हणायच्या, "आपल्याला उजेड हवा म्हणून नाही गं ठेवत मी हा. बाहेरच्याला दार सापडावं म्हणून ठेवते."

मी तेव्हा पाचगणीला होते. एका निवासी शाळेच्या सिकरूममध्ये नर्स. पावसाळ्यात तिथे धुकं असं दाटायचं की समोरचा व्हरांडा दिसायचा नाही, आणि खाटांवर पोरं गोवर, कांजिण्या काढून पडलेली असायची. मी कडक होते. मुलं मला घाबरायची, आणि त्यांची आईबापं माझ्यावर भरवसा ठेवायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला लक्षणं कळत होती, एवढंच तुम्ही ध्यानात ठेवा.

निवृत्त झाल्यावर आम्ही पलूसच्या घरी आलो. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. आमच्या ह्यांनी कंदिलाच्या जागी खिडकीत एक लहानसा पिवळा बल्ब बसवला आणि त्याचं बटण माझ्या खाटेच्या उशाशी आणून दिलं. "आईचा दिवा बंद पडायला नको," म्हणाले. पुढच्या वर्षी तेही गेले. मग घरात मी, खाट, खिडकी आणि ते बटण.

सुरुवातीला मी खरंच बसत होते. एवढं तरी माझ्या बाजूने — नको, बाजूबिजू नको. बसत होते इतकंच. बल्ब लावायचा, डोळे मिटायचे, आणि एकेकाचं नाव घ्यायचं. सुईत दोरा ओवताना आपण श्वास धरतो ना, तसं मन एका जागी यायचं. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा दमा नुसता दमा राहायचा नाही, त्याची उरात अडकलेली धाप मला ऐकू यायची. त्यालाच मी उजेड समजत होते. खिडकीतला नव्हे, तो. विश्वासाला आपल्याकडे उजेड म्हणतात ते काही उगीच नाही. एका माणसाकडे नीट, पुरतं बघता येणं, स्वतःला विसरून, दुसरं काय असतो उजेड?

मग लेकीने मला मोबाईल घेऊन दिला.

हसू नका. किंवा हसा, मीही हसले असते. आधी पाककृती बघायची. मग सासू-सुनांच्या भांडणाच्या त्या छोट्या छोट्या नकला. एक संपली की दुसरी आपोआप सुरू. प्रार्थनेला डोळे मिटले की कुकरच्या शिट्ट्या, गॅस संपत आलाय का, लेकीचा फोन का नाही आला, असं मन गावभर उंडारायचं. त्या मोबाईलवर मात्र ते गपगुमान बसायचं. पहिल्यांदा मी प्रार्थना संपल्यावर बघत होते. मग आधी बघायला लागले. मग नुसतंच बघायला लागले. बल्ब मात्र चालूच. कंदिलाला निदान काजळी धरायची, काच पुसावी लागायची, वात वर करावी लागायची, त्याच्यापाशी माणूस लागायचंच. बल्बला माणूस लागत नाही.

बाहेर काय होत होतं? बाहेर माझं नाव होत होतं. कुणाची दहावी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या म्हशीचा आटलेला पान्हा — सगळं माझ्याकडे यायचं. "शिष्टर, तेवढं देवाच्या कानावर घाला." मी म्हणायची, घालते. पोरगं पास झालं की पेढे यायचे. नापास झालं तरी कुणी मला बोल लावायचं नाही, देवाची मर्जी म्हणायचे. धंदा म्हणून बघितलं तर यात तोटाच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, माझ्याकडे तो दिव्याच्या मागे खाटेवर पाय पसरून पडलेला असायचा.

आणि अजून एक झालं. कधी झालं ते मलाही कळलं नाही, पण दिव्याचा अर्थच उलटा झाला. सासूबाईंच्या वेळी कंदील दिसला की लोक आत यायचे. माझ्या वेळी बल्ब दिसला की लोक बाहेर थांबायचे. पोरं गल्लीत क्रिकेट खेळताना ओरडली की कुणीतरी दटावायचं, "ए, गप ऱ्हावा की रं. शिष्टर प्रार्थनेला बसल्यात, दिवा दिसंना व्हय तुमास्नी?" असं कुणाला मी सांगितलं नव्हतं. पण चुकताय असंही सांगितलं नाही. कारण मला ते सोयीचं होतं — बटण दाबलं की गल्लीतलं एक माणूस माझ्या दाराशी येत नव्हतं. जेवण झाल्यावर पडायचं असलं की दाबा बटण. नको असलेलं माणूस येताना दिसलं की दाबा बटण.

आता मालनबद्दल सांगायला हवं. इथवर मी तिला टाळत आले, तुमच्या लक्षात आलं असेल.

मालन समोरच्या घरात राहायची, अजून राहते. माहेर तिचं आटपाडीकडचं, कोरड्या मुलखातलं. लहानपणी बापाच्या मेंढरांमागे चालत चालत सगळा मुलूख बघितलेली बाई. लग्नानंतर नवऱ्याने कळप विकून इकडे थोडी जमीन घेतली. नवरा वारला, मुलगा संतोष फौजेत, कुठेतरी लांब बर्फात. घरी ती आणि सून रूपाली, तिला आत्या आणि मला मावशी म्हणणारी. रूपाली अंगणवाडीत कामाला, सकाळी जायची ती कामं आटपून पाच वाजता यायची. तोवर मालन एकटी. आणि एकटीला समोर मी दिसायची.

तिचं बोलणं म्हणजे मेंढरांचा कळप — एक वाक्य कुंपणातून निसटलं की मागून सगळी. संतोषचा फोन आला नाही. संतोषचा फोन आला पण नीट बोलला नाही. गुडघा दुखतो. बापाच्या कळपात एक काळी मेंढी होती तिची गोष्ट. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मेंढी बिचारी स्वतः कंटाळली असती. पण हेही सांगते, मला चिकुनगुन्या झाला तेव्हा माझे पाय हिने चेपले. हिंदू बाई, कपाळावर बंदा रुपयाएवढं कुंकू, माझ्या खाटेपाशी बसून भिंतीवरच्या क्रूसाला म्हणायची, "ह्या बाईला बरं कर रं बाबा, लय कामाची हाय." माझ्या प्रार्थनेवर माझ्यापेक्षा तिचा विश्वास जास्त होता. पोराची रजा मंजूर झाली तरी म्हणायची, शिष्टरच्या दिव्यानं झाली.

ती दुपार श्रावणातली. आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता. जेवून मी आडवी झाले होते. पडद्याच्या फटीतून मालन गल्ली ओलांडताना दिसली. हातात स्टीलचा डबा, पदराखाली धरलेला. रोजच्यापेक्षा सावकाश चालत होती. मी तिला बघितलं, आणि बटण दाबलं.

समजलं ना तुम्हाला? दिवा आधी लागला होता आणि ती नंतर आली, असं नाही. ती आली म्हणून दिवा लागला.

चपला पायरीपाशी आल्या आणि थांबल्या. खिडकीबाहेरून ती काहीतरी बोलली. काय ते मग सांगते, लगेच नाही जमणार. मग बांगड्या वाजल्या, भिंतीला पाठ टेकल्याचा आवाज आला. बसली असणार. मी मोबाईलचा आवाज बारीक केला आणि बघत राहिले. एक नकला करणारी बाई सुनेला पुरणपोळी शिकवत होती आणि पोळी दर वेळी फाटत होती. मी हसले. मनात नव्हे, चांगलं मोठ्याने, खळखळून. हसल्यावर एकदम भान आलं, म्हणून तोंडावर पदर धरला. बाहेर काही हललं नाही.

बऱ्याच वेळाने डबा पडल्याचा आवाज आला. पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि खाली फिरत फिरत थांबला. मांजर असेल, मी मनाशी म्हटलं. मांजराला डबा धरता येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी कूस बदलली.

मग रूपालीची हाक आली. "आत्या! आवं आत्या, काय झालं वं? मावशी! दार उघडा की वं मावशी!"

आता दार उघडायच्या आधी मी काय केलं ते ऐका. मोबाईल उशीखाली घातला. शास्त्र काढून खाटेवर उघडं ठेवलं. डोक्यावरून पदर घेतला. आणि मग कडी काढली. किती वेळ लागला असेल? फार नाही. पण नर्स होते मी. दारात माणूस पडलंय आणि मी आरशात बघावं तशी स्वतःला सावरत होते.

मालन एका अंगावर कलंडली होती. तोंड वाकडं, उजवा हात मेलेल्यासारखा लोंबत होता. डब्यातल्या अळूवड्या पायरीवर पसरल्या होत्या. ती मला बघून बोलायला गेली आणि तिच्या तोंडातून नुसता आवाज आला, शब्द नाही. तिचे डोळे शुद्धीत होते. पुढचं माझ्या हातांनी केलं, मी नाही. कुशीवर घेतलं, तोंड पुसलं, शेजाऱ्याची जीप बोलावली, सांगलीला नेलं. सगळं शिस्तीत. रूपाली रस्ताभर माझा दंड धरून होती.

जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली. अर्धांगावर एक इंजेक्शन असतं, ते तिला देता आलं नाही. पलूसमध्ये सगळ्यांना माहीत असलेली हकिकत एवढीच.

नाही, एवढीच नाही. पलूसमध्ये याहून जास्त माहीत आहे, आणि ते जास्तीचं मी कधी खोडलं नाही.

मालन दवाखान्यातून घरी आली त्याच्या पुढच्या रविवारी रूपाली चर्चला आली. पहिल्यांदाच. आमच्यात उपासना संपत आली की साक्ष देतात — देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीपुढे सांगायचं. पाळकसाहेब म्हणाले, आज एक पाहुणी बहीण दोन शब्द बोलणार आहे. रूपाली उठली. हातात नारळ होता, आपल्याकडे देवाला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आणलेला. तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना. म्हणाली, "मला तुमच्यासारखं बोलाया येत न्हाई. आमच्या आत्या मावशींच्या दारात पडल्या. तवा मावशी आत प्रार्थनेला बसल्या हुत्या. दिवा चालू हुता, म्या सवता बगितला. दार उघडलं तर मावशींच्या डोक्याव पदर, आन् खाटंव शास्त्र उघडं. आमच्या आत्या वाचल्या त्या ह्यांच्यामुळं." आणि तिने तो नारळ आणून माझ्या मांडीवर ठेवला.

मंडळीतल्या बायका रडल्या. कुणीतरी 'हालेलुया' म्हणालं. पाळकसाहेबांनी त्यानंतरच्या प्रवचनांत ती गोष्ट किती वेळा वापरली म्हणून सांगू? विट्याच्या, इस्लामपूरच्या मंडळ्यांत पण पोचली ती. डोंगरावरचं गाव आणि मापाखालचा दिवा, उजेड झाकून ठेवू नये म्हणणारी ती येशूची वचनं निघाली की पलूसची बहीण आलीच. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना ती नम्रता वाटली. मान वर करून बघायची ताकदच नव्हती, हे कुणाला कसं कळावं? पण मी उठले नाही. उठून "थांबा" म्हणायला काय लागत होतं? तो नारळ मी घरी नेला. फोडला. चटणी केली.

बघा, अजून मी मुद्द्याशी आलेली नाही. मोबाईल, हसू, उघडं शास्त्र, खोटी साक्ष — ही सगळी पापं मी भराभर सांगितली, कारण ती सांगता येतात. माणूस आळशी असतो, ढोंगी असतो. चारचौघांत सांगितलं तर चारचौघं म्हणतील, जाऊ दे हो, आम्ही तरी काय वेगळे. त्याच्या खाली अजून एक आहे.

खिडकीबाहेरून मालन काय बोलली होती ते सांगते.

ती म्हणाली, "शिष्टर, दिवा लावला व्हय? बरं बरं. सावकाश हुं द्या तुमचं. अळूवड्या आणल्यात. ह्यो हात जरा जड झालाय बगा आत्ता, डबा पेलंना. पर असू द्या, देवाचं आदी हुं द्या. मी बसती हितं."

स्वच्छ बोलली. एकेक शब्द नीट. आणि मी तो ऐकला. जड झालेला हात. सिकरूममध्ये नव्या नर्स आल्या की मी त्यांना जे पहिल्यांदा शिकवायची त्यातलं हे एक — शाळेतलं कुणी वयस्क माणूस हात अचानक जड झाला म्हणालं की चहा संपवत बसू नका, पळा. ऐकलं, कळलंही, कुठेतरी कळलंच. आणि अंगठ्याने पुढची नक्कल लावली. रोजच काही ना काही दुखायचं तिचं, असं म्हणू? म्हणत नाही.

आणि घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. ती बोलली तेव्हा तीन वाजून गेले होते. मी घड्याळाकडे बघितलं होतं, चहाच्या वेळेपर्यंत तरी ही जाईल का ते बघायला.

सांगलीला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, शेवटचं नीट बोलताना यांना कुणी ऐकलं आणि कधी? रूपाली म्हणाली, "सकाळी मी गेली तवा चांगल्या हुत्या. म्होरलं मला ठावं न्हाई." डॉक्टर माझ्याकडे वळले. "मावशी, तुमच्या दारात सापडल्या ना या? तुम्ही ऐकलंत काही? वेळ कळली आणि साडेचार तासांच्या आतली असली तर इंजेक्शन देता येईल. सकाळपासूनचं असेल तर नाही देता येणार, मेंदूत रक्तस्राव होतो."

तो प्रश्न कशासाठी आहे ते त्या खोलीत डॉक्टरांच्या खालोखाल मला कळत होतं. अजून वेळ होता. भरपूर होता. मला एकच वाक्य म्हणायचं होतं — तीन वाजून गेल्यावर या माझ्या खिडकीशी येऊन स्वच्छ बोलल्या. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न रूपालीने विचारला असता. मग मावशी, तुमी दार का न्हाई उघडलं?

मी म्हणाले, "मला माहीत नाही. मी प्रार्थनेत होते."

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर गेले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिथेही भिंतीवर घड्याळ होतं, आणि मी त्याच्याकडे बघत बसले. उठून आत जायचं, डॉक्टरांना बाजूला घ्यायचं, "मला आठवलं" म्हणायचं, एवढंसुद्धा पुरलं असतं. आठवलं म्हणता आलं असतं की! खोटं बोलण्यात मी काही नवखी नव्हते. पण मी बसून राहिले. रूपालीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि ती म्हणत होती, "मावशी, तुमी हाय म्हणून बरं हाय." इंजेक्शनची वेळ गेली तेव्हा मला काय वाटलं असेल? सुटका वाटली. आता सांगूनही उपयोग नाही, म्हणून सुटल्यासारखं वाटलं. माझ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि तरी ती सुटका खरी होती.

इंजेक्शनने ती नक्की बरी झाली असती का? सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. हा विचार मी पुष्कळदा करून बघितला. प्रत्येक वेळी त्याने मला जरा हलकं वाटतं, आणि म्हणूनच तो मी सोडून देते.

मालन आता समोरच्या ओट्यावर खुर्चीत बसते. रूपाली तिला सकाळी बाहेर आणून बसवते. मी रोज जाते, केस विंचरते, उजव्या हाताला तेल लावते, नखं कापते. लोक म्हणतात सख्खी बहीण करणार नाही इतकं शिष्टर करतात. तिचे डोळे माझ्यावर असतात. पूर्वी बोलून बोलून जीव नकोसा करणारी बाई, तिच्या डोळ्यांत काय आहे ते मला वाचता येत नाही. त्या दुपारी माझं हसू तिला ऐकू गेलं का? पडद्याच्या फटीतून मी तिला बघितलं, तसं तिने मला बघितलं का? ती तिथे इतका वेळ बसून होती. हात जड झालेला, मग तोंड वाकडं झालेलं, दारावर एक थाप मारावी असं तिला वाटलंच नसेल? का मारली नाही? देवाचं आदी हुं द्या. तेवढ्यासाठी?

गेल्या काही महिन्यांपासून रूपाली तिला सांगलीला एका बाईंकडे नेते. त्या वाचा परत आणायचे व्यायाम घेतात. गेल्या आठवड्यात मी तेल लावत असताना मालनने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. तोंड वाकडं करून, घाम येईस्तोवर जोर लावून, माझ्याकडे बघत म्हणाली, "शि… शि…" रूपाली आतून धावत आली. "मावशी! तुमचं नाव! शिष्टर म्हणत्यात वं तुमास्नी!" तिला रडू आवरेना. तिने लगेच संतोषला फोन लावला. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आता तेवढी आत्यांची वाचा यिऊ दे म्हणून देवाला सांगा मावशी. तुमचं त्यो ऐकतो." मालन माझं मनगट सोडत नव्हती. पुढचा शब्द तिच्या ओठांवर जुळत होता, मोडत होता. तिला मला हाक मारायची होती की मला काही विचारायचं होतं, देव जाणे.

मी म्हणाले, सांगते.

घरी येऊन दार लावलं आणि जमिनीवर गुडघे टेकले. किती वर्षांनी, पण मन एकदाही इकडेतिकडे गेलं नाही. मालनचं तोंड माझ्यासमोर होतं, तिच्या ओठांची एकेक हालचाल दिसत होती, आणि जीव ओतून मी एकच मागणं मागितलं. हिला पुढचा शब्द येऊ देऊ नकोस.

तेव्हापासून रोज तेच मागते.